गांजा, पेशी आणि पुरावा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातल्या प्रत्येक सरकारी वेड्यांच्या इस्पितळाला वर्षाकाठी एक तक्ता भरून पाठवावा लागे. रुग्ण किती आले, किती बरे होऊन गेले, किती दगावले आणि वेड लागण्याचे कारण काय, अशी त्याची रचना असे. मुंबईचे कुलाबा, पुणे, रत्नागिरी, नागपूर येथल्या इस्पितळांतून असे तक्ते निघत आणि कारणाच्या रकान्यात भांग, गांजा, चरस हे शब्द वारंवार दिसत. हे आकडे पुढे लंडनपर्यंत पोहोचले. दारूबंदीचा कैवार घेणारे खासदार विल्यम केन यांनी मार्च १८९३ मध्ये पार्लमेंटात प्रश्न विचारला आणि त्यातून चौकशीची मागणी पुढे आली. गांजाने माणूस वेडा होतो, खून करतो, रयत बिघडते, तर सरकार त्याची विक्री करून महसूल कसा घेते, हा त्या मागणीचा रोख होता. प्रश्न बंगालपुरता होता, पण भारतमंत्री लॉर्ड किंबर्ले यांनी चौकशीची व्याप्ती साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानापर्यंत वाढवली. जुलै १८९३ मध्ये सात सदस्यांचा आयोग नेमला गेला. गांजा आणि कर्करोग यांच्याबद्दल आज जे बोलले जाते ते पारखायचे असेल, तर या आयोगापासून सुरुवात करावी असे मला वाटते. या वनस्पतीबद्दल एखादा दावा खरा की खोटा हे ठरवण्याची रीत आपल्या देशात प्रथम मोठ्या प्रमाणावर तेथे वापरली गेली.

आयोगाचे अध्यक्ष मॅकवर्थ यंग हे होते. मुंबई इलाख्यातून ओमॅनी आणि मध्य प्रांतातून फ्रेझर हे अधिकारी आले. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन आले, आणि ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, कुंवर हरनामसिंग व मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद हे तीन भारतीय सदस्य होते. त्यांनी देशभर फिरून १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे लेखी वा तोंडी घेतले. त्यांत कलेक्टर होते, सिव्हिल सर्जन होते, तसेच वैद्य, हकीम, मिशनरी आणि अबकारीचे ठेकेदारही होते. मराठी मुलुखापुरते पाहिले तर नगरसारख्या जिल्ह्यांत गांजाची लागवड होती. शेजारच्या नेमाडातल्या खांडव्याच्या आसपास तर ती सरकारी परवान्याखाली, ठरावीक क्षेत्रात होत असे आणि तेथला माल दूरवर जाई. मराठवाड्यातले परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होते. आयोगाचा मुख्य तपास इंग्रजी प्रांतांचा असल्याने गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या काठची ही गावे त्याच्या दौऱ्याच्या नकाशावर ठळकपणे येत नाहीत. पण सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना शेती एक, बाजार एक, जत्रा आणि उरूस एक, आणि फकीर-बैराग्यांची चिलीमही एकच. संस्थानांतून येणारा चोरटा माल ही इंग्रज अबकारी खात्याची नेहमीची तक्रार होती. त्यामुळे आयोगाने जे शोधून काढले ते मराठवाड्याला परके नव्हते.

आयोगाचे सर्वांत मोलाचे काम त्या इस्पितळांच्या तक्त्यांबाबत आहे. सदस्यांनी एक साधा प्रश्न विचारला: कारणाचा रकाना भरतो कोण? उत्तर असे निघाले की डॉक्टर बहुधा तो भरतच नसे. रस्त्यावर भटकणारा, बरळणारा माणूस पोलीस पकडून आणत. त्याच्यासोबत मॅजिस्ट्रेटमार्फत एक कागद येई आणि त्या कागदावर जे कारण असे तेच इस्पितळाच्या वहीत उतरवले जाई. पकडलेला माणूस गांजा ओढतो असे कोणी सांगितले, किंवा तो बैराग्यासारखा दिसला, तर तेवढ्यावर वेडाचे कारण निश्चित होई. इस्पितळांच्या अधीक्षकांनी साक्षीत हे मान्य केले. मग आयोगाने १८९२ या एका वर्षात दाखल झालेले रुग्ण घेतले आणि गांजाशी जोडलेल्या एकेका रुग्णाची पुन्हा चौकशी लावली. त्याचे गाव कोणते, घरात आधी कोणाला वेड होते का, दारू वा अफूचे व्यसन होते का, आणि वेड आधी लागले की गांजा आधी सुरू झाला, हे सारे विचारले गेले. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा होता, कारण मन बिघडू लागलेला माणूसच कधी कधी नशेकडे वळतो. त्या वर्षीच्या १,३४४ दाखल रुग्णांपैकी गांजा-भांगेला काही अंशी तरी कारण मानता येईल असे फक्त ९८ उरले. त्यांतही अन्य कोणते कारण न दिसणारे ६१ होते. ज्या तक्त्यांवर पार्लमेंटात वाद झडला, त्यांचा पाया चौकशीपुढे टिकला नाही.

ऑगस्ट १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल सादर झाला. माफक सेवनाने शरीराची, मनाची वा नीतीची हानी होते असे दिसत नाही, अतिसेवनाने होते, सरसकट बंदी अनावश्यक आणि अनिष्ट आहे, लागवडीवर आणि विक्रीवर नियंत्रण व कर असावा, असा त्याचा निष्कर्ष होता. यावर एक आक्षेप तेव्हाही होता आणि आजही घेतला जातो. गांजाच्या ठेक्यातून सरकारला पैसा मिळत होता, तेव्हा सरकारच्या माणसांनी बंदी नको म्हटले यात नवल काय? हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. राजा राय आणि लाला निहालचंद यांनी बहुमताशी असहमती नोंदवली होती, हेही येथे सांगायला हवे. धोरणाच्या शिफारशीत महसुलाचा विचार मिसळला असेल, तो मिसळला नसेल असे मी म्हणणार नाही. पण इस्पितळांच्या नोंदींची फेरतपासणी वेगळ्या दर्जाची आहे. तिचे टप्पे छापलेले आहेत, कोणता रुग्ण का वगळला हे पाहता येते, आणि दुसऱ्या कोणाला ती चूक वाटली तर ती त्याच मार्गाने खोडता येते. हितसंबंध असलेल्या माणसाचाही युक्तिवाद जेव्हा इतका उघडा मांडलेला असतो तेव्हा त्याचा हेतू बाजूला ठेवून पुरावा तपासता येतो. मला या अहवालाबद्दल आदर वाटतो तो या उघडेपणामुळे.

आज वारे उलट्या दिशेने वाहते आहे. ज्या वनस्पतीवर कधी साऱ्या वेडाचे खापर फुटत होते, तिच्याच तेलाने कर्करोग बरा होतो असे संदेश मोबाइलवरून खेडोपाडी फिरतात. परभणी जिल्ह्यातला रुग्ण निदानानंतर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जातो, कोणी बार्शीला, कोणी देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला टाटा रुग्णालयात. या फेऱ्यांत घरची जमापुंजी संपते आणि नेमक्या त्याच काळात कोणीतरी सांगते की गांजाचा अर्क कर्करोगाच्या पेशींना स्वतःलाच खायला लावतो, हे परदेशात सिद्ध झाले आहे. या वाक्याचा पूर्वार्ध प्रयोगशाळेतून आला आहे आणि तो अगदीच बनावट नाही. उत्तरार्ध मात्र खोटा आहे. माझे म्हणणे असे की १८९२ चा तक्ता आणि आजचा हा संदेश यांत दोष एकच आहे. दोन्हीकडे गांजा आणि परिणाम शेजारी शेजारी दिसले एवढ्यावर कार्यकारणसंबंध ठरवला गेला. एकाने वनस्पतीला गुन्हेगार केले, दुसऱ्याने तारणहार, आणि मधली चौकशी दोघांनीही टाळली.

ही चौकशी टाळली गेली नाही तर काय हाती येते, याचे उदाहरण आयोगाच्याही पन्नास-साठ वर्षे आधीचे आहे. विल्यम ब्रूक ओशॉनेसी हा आयरिश डॉक्टर कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात शिकवत असे. १८३९ मध्ये त्याने गांजाच्या औषधी उपयोगावर आपला निबंध मांडला. वैद्य-हकिमांकडून तो शिकला, जनावरांवर मात्रा पाहिल्या आणि मग संधिवात, धनुर्वात, पटकी, लहान मुलांचे झटके अशा रुग्णांना अर्क दिला. या निबंधातला पिसाळलेला कुत्रा चावलेल्या रुग्णाचा वृत्तांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाण्याच्या नुसत्या विचाराने आचके देणाऱ्या त्या माणसाला अर्क दिल्यावर काही काळ शांतता मिळाली, थोडे अन्न-पाणी घशाखाली उतरले, पण तो वाचला नाही. ओशॉनेसीने हे जसेच्या तसे लिहिले. यातना कमी झाल्या, रोग बरा झाला नाही, हे दोन निष्कर्ष त्याने एकमेकांत मिसळू दिले नाहीत. कर्करोग आणि गांजा यांच्या पुढच्या इतिहासात सगळा घोटाळा याच दोन गोष्टी एकत्र केल्याने झाला आहे.

ओशॉनेसीच्या निबंधानंतर गांजाचा अर्क युरोप-अमेरिकेच्या औषधी ग्रंथांत शिरला आणि शतकभरात बाहेरही पडला. ब्रिटिश फार्माकोपियातून तो १९३२ मध्ये वगळला गेला. याचे कारण कायद्याइतकेच रसायनशास्त्रात होते. अफूतून मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच स्फटिकरूपात वेगळे झाले, त्यामुळे ते तोलून देता येई. गांजाचे कार्यकारी द्रव्य मात्र चिकट राळेत दडलेले, पाण्यात न विरघळणारे. एका पुड्याचा अर्क जोरकस तर दुसऱ्याचा निकामी निघे. मुंबईत सरकारी औषधभांडाराचे प्रमुख राहिलेले विल्यम डिमॉक यांनी वॉर्डन आणि हूपर यांच्यासह ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा देशी औषधींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. यातले वॉर्डन म्हणजेच पुढे आयोगावर बसलेले प्राध्यापक. पण मूळ द्रव्य त्या पिढीच्या हाती लागले नाही. केंब्रिजच्या रसायनज्ञांनी १८९० च्या दशकात चरसातून कॅनाबिनॉल काढले, १९४० च्या सुमारास अमेरिकेत रॉजर ॲडम्स यांनी कॅनाबिडिऑल वेगळे केले, आणि अखेर १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी पोलिसांनी जप्त केलेल्या चरसातून नशा आणणारे मुख्य द्रव्य, टीएचसी, शुद्ध रूपात मिळवून त्याची रचना दाखवली. मात्रा मोजता येऊ लागली आणि मगच खरा अभ्यास शक्य झाला. पुढे १९८८ मध्ये टीएचसी ज्याला चिकटते तो मेंदूच्या पेशींवरचा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, सापडला. १९९२ मध्ये शरीर स्वतःच तयार करत असलेले तशा प्रकारचे द्रव्यही सापडले आणि त्याला संस्कृतातल्या ‘आनंद’वरून आनंदामाइड असे नाव दिले गेले.

कर्करोगाशी या द्रव्याची गाठ १९७५ मध्ये दोन वेगवेगळ्या वाटांनी पडली. व्हर्जिनियातल्या मन्सन आणि सहकाऱ्यांनी उंदरांमधील फुप्फुसाच्या गाठींची वाढ टीएचसीने मंदावते असे दाखवले. त्याच प्रयोगात कॅनाबिडिऑलने ती मंदावली नव्हती, हे आज कॅनाबिडिऑलचे तेल विकणारे सांगत नाहीत. त्याच वर्षी बोस्टनमध्ये सॅलन आणि सहकाऱ्यांनी केमोथेरपीच्या रुग्णांना टीएचसी देऊन उलट्या आटोक्यात येतात का हे तुलनात्मक चाचणीने तपासले आणि त्या येतात असे दिसले. दुसरी वाट दहा वर्षांत औषधापर्यंत पोहोचली. १९८५ मध्ये अमेरिकेत ड्रोनाबिनॉल आणि नॅबिलोन ही दोन औषधे केमोथेरपीतल्या उलट्यांसाठी मान्य झाली. त्याच १९८५ मध्ये आपल्याकडे अमली पदार्थांचा कायदा झाला आणि १४ नोव्हेंबरपासून अमलात आला. गांजाचे शेंडे आणि चरस बंद, पाने व बिया व्याख्येबाहेर, औषधी आणि शास्त्रीय उपयोगाला परवानगीची वाट मोकळी, अशी त्याची रचना आहे. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने या पदार्थांवर आधीच बंधने आणली होती. मराठवाड्याच्या वर्तमानपत्रांत कापसाच्या वा तुरीच्या रानात लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या येतात, त्या १९८५ च्या कायद्याखालच्या. पहिली वाट, म्हणजे गाठच मारण्याची, मात्र पंचवीस वर्षे जवळपास ओस पडली.

ती पुन्हा चालू झाली स्पेनमध्ये, आणि तेथेच स्वभक्षणाचा, ऑटोफॅजीचा, प्रश्न आला. पेशी आपलेच जुने, मोडके भाग पडद्यात गुंडाळून पचवते या क्रियेला हे नाव बेल्जियमच्या ख्रिस्तियान द दूव यांनी १९६३ मध्ये दिले. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी १९९० च्या दशकात यीस्टमध्ये तिची जनुके शोधली आणि त्याबद्दल त्यांना २०१६ चे नोबेल मिळाले. माद्रिदमध्ये मानुएल गुझमान यांचा गट मेंदूतल्या ग्लिओमा या गाठीच्या पेशींवर टीएचसीचा परिणाम तपासत होता. २००० मध्ये त्यांनी उंदरांमधल्या अशा गाठी आटल्याचे प्रसिद्ध केले. २००९ मध्ये त्यांनी त्यामागची साखळी मांडली. टीएचसी ग्राहकाला चिकटते, पेशीत सिरॅमाइड हे द्रव्य साचते, प्रथिने घडवणाऱ्या यंत्रणेवर ताण येतो, त्यातून वाढीचा आदेश देणारी एमटॉर नावाची यंत्रणा बंद पडते, स्वभक्षण सुरू होते आणि पेशी मरते. स्वभक्षणाची जनुके काढून टाकलेल्या पेशी टीएचसीने मरत नव्हत्या, हा त्यातला सर्वांत भक्कम पुरावा. संशोधन म्हणून हे उत्तम आहे. पण काचेत वाढवलेल्या पेशींवरून काढलेल्या निष्कर्षांना मर्यादा असतात, हे महाराष्ट्राला तरी नवे नाही. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये कमल रणदिवे यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. त्या काचेपाशी थांबल्या नाहीत, उंदरांवर कामे केली आणि माणसांच्या सवयी व आहार तपासायला वस्त्यांपर्यंत गेल्या. माद्रिदच्या गटानेही माणसांवर प्रयोग केला. सगळे उपाय थकलेल्या नऊ रुग्णांच्या मेंदूतल्या गाठीत टीएचसी थेट सोडले आणि २००६ मध्ये निकाल छापला: पद्धत सुरक्षित दिसली, आणि रुग्णांचे मध्यक आयुष्य उपचार सुरू झाल्यापासून २४ आठवडे भरले. तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता, त्यामुळे टीएचसीने आयुष्य वाढले की नाही हे त्यातून कळू शकत नव्हते, आणि त्यांनी तसा दावाही केला नाही.

येथे ‘पेशी स्वतःला खाते म्हणजे मरते’ हे समीकरण तपासले पाहिजे, कारण सारा प्रचार त्यावर उभा आहे. दुष्काळात घरात दाणा उरला नाही की शेतकरी कणगीतले बियाणेही काढून खातो. त्याने तो जगतो, आणि फार ताणले तर पुढचे साल बुडते. पेशीचे स्वभक्षण तसेच आहे. मुळात ती जगण्याची युक्ती आहे, मरण हा तिचा अतिरेक. १९९९ मध्ये बेथ लेव्हिन यांनी दाखवले की स्वभक्षणाला लागणारे बेक्लिन-१ हे जनुक गाठींना आळा घालते, म्हणजे स्वभक्षण कर्करोगाचे वैरी. पण पुढच्या दशकात आयलीन व्हाइट आणि इतरांनी दाखवले की आधीच वाढलेल्या, रक्तपुरवठा कमी असलेल्या काही गाठी स्वभक्षणावरच तग धरतात. म्हणून हिवतापासाठी वापरली जाणारी क्लोरोक्विनसारखी औषधे देऊन स्वभक्षण बंद पाडण्याच्या चाचण्याही कर्करोगावर झाल्या. एकाच वेळी जगात कोणी ही क्रिया वाढवून गाठ मारू पाहतो आहे आणि कोणी ती थांबवून. मग ‘गांजा ऑटोफॅजी सुरू करतो’ एवढे खरे मानले तरी त्यातून रुग्णाचे भले होईल की वाईट, हे त्या वाक्यात नाही. गाठ कोणती, टप्पा कोणता, मात्रा किती, सोबत दुसरे कोणते औषध, यावर उत्तर बदलते. अगदी कमी मात्रेत काही पेशी वाढल्याचेही प्रयोग आहेत. २००५ मध्ये मूळचे भारतीय असलेले प्रकाश आणि मिट्झी नागरकट्टी व त्यांच्या सहकाऱ्याने उंदरांत दाखवले की टीएचसीने प्रतिकारशक्ती दबते आणि स्तनाच्या एका प्रकारच्या गाठी अधिक वाढतात, पसरतात. इस्रायलमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारे औषध घेणाऱ्यांपैकी गांजा वापरणाऱ्यांना त्याचा गुण कमी जणांत दिसला. ती केवळ पाहणी होती, गांजा घेणारे रुग्ण आधीच अधिक आजारी असू शकतात. तोच न्याय मी इस्पितळांच्या तक्त्यांना लावला, तर येथेही लावायला हवा. पण निर्धास्तपणे तेल घ्या असे सांगण्याजोगी ही स्थिती नक्कीच नाही.

आता आक्षेप. पहिला परंपरेचा: आयुर्वेदात भांग आहे, जातिफलादि चूर्णात ती आजही पडते, मग नव्या पुराव्याची गरज काय? त्या चूर्णाचा उपयोग ग्रहणीसारख्या पोटाच्या विकारांवर सांगितला आहे, आणि परंपरेने भांगेला झोप, भूक, वेदना, पचन यांसाठी जवळ केले. ते खरे मानले तरी गाठ विरघळते असे त्यातून निघत नाही. परंपरेचा मान राखायचा तर तिने जे म्हटले आहे तेवढेच तिच्या नावावर सांगावे. दुसरा आक्षेप कंपन्यांचा: झाडावर पेटंट मिळत नाही म्हणून औषध कंपन्या सत्य दडपतात. पण ड्रोनाबिनॉल आणि नॅबिलोन कंपन्यांनीच विकली, आणि गांजाच्या अर्कापासून केलेला नॅबिक्सिमॉल्स हा तोंडात मारायचा फवारा ब्रिटनमधल्या कंपनीनेच तयार केला. ग्लिओब्लास्टोमा हा मेंदूतला कर्करोग उलटलेल्या रुग्णांत त्याची छोटी चाचणी झाली आणि २०२१ मध्ये तिचा निकाल आला. वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण फवारा घेणाऱ्या बारा रुग्णांत ८३ टक्के आणि न घेणाऱ्या नऊ रुग्णांत ४४ टक्के. आकडा आशादायक आहे. पण एकवीस माणसांत दोन-तीन रुग्ण इकडचे तिकडे झाले तरी तो कोसळतो, म्हणूनच ब्रिटनमध्ये २०२३ मध्ये ‘ॲरिस्टोक्रॅट’ नावाची मोठी चाचणी सुरू झाली. तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो: मरणाच्या दारात उभ्या माणसाला चाचणीच्या निकालाची वाट पाहायला सांगणे क्रूर नाही का? ज्याचे सर्व उपाय संपले त्याने काय घ्यावे यावर मी हुकूम देणार नाही. पण तेल विकले जाते ते फक्त अशांनाच नाही. शस्त्रक्रियेने वा केमोने बरी होण्याजोगी गाठ असलेल्या माणसालाही ते विकले जाते, आणि तो तीन महिने तेलावर काढून जेव्हा रुग्णालयात परततो तेव्हा गाठ पुढच्या टप्प्यात गेलेली असते. क्रौर्य कोठे आहे हे तेथे पाहावे.

पुरावा म्हणजे काय असतो हे समजून घ्यायला माद्रिदला जायचीही गरज नाही. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्शी, भूम आणि परांडा तालुक्यांतल्या गावांत जाऊन रुग्ण नोंदवले. त्या पायावर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी उभी राहिली. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि लियोंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ती केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, ५२ गट आणि चार पद्धती: विषाणूची तपासणी, पेशींची तपासणी, आम्ल लावून डोळ्यांनी पाहणे, आणि नेहमीची व्यवस्था. कोणत्या गटाला काय मिळणार हे चिठ्ठीने ठरले. आठ वर्षांनी विषाणू तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते, जवळपास तेवढ्याच मोठ्या तुलनागटात ६४. बाकी दोन पद्धती तर्काने तितक्याच पटण्याजोग्या होत्या, पण या चाचणीत त्यांनी मृत्यूंत ठोस घट दाखवली नाही. डोळ्यांनी पाहण्याच्या पद्धतीने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दुसऱ्या चाचणीत मात्र मृत्यू ३१ टक्क्यांनी घटवले. तुलनागटातल्या स्त्रियांना तपासणीविना ठेवले यावर कठोर नैतिक टीका झाली आणि ती टीका रास्त आहे असे मला वाटते. तरीही उसाच्या आणि ज्वारीच्या रानांत राबणाऱ्या या बायांनी जगाला जे उत्तर दिले ते २००९ मध्ये जगातल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले आणि विषाणू तपासणीचे धोरण ठरवताना देशोदेशी वापरले गेले. मराठवाड्यात हे घडले आहे. गांजाच्या तेलाबद्दलच्या कोणत्याही दाव्याला आपण याहून कमी मोजमाप का लावावे?

अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये सारे उपलब्ध पुरावे पाहून सांगितले की गांजा वा त्याची द्रव्ये कर्करोगावरचा उपचार म्हणून चाचणीबाहेर देऊ नयेत. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या उलट्यांवर मात्र त्यांचा विचार करता येईल. दोनशे वर्षांच्या वाटचालीनंतर या वनस्पतीची जागा अजून यातना कमी करणाऱ्यांच्या रांगेत आहे. पुढच्या चाचण्यांनी ती बदलली तर मला आनंद होईल. त्यासाठी लागणारी दारे भारतात बंद नाहीत: कायदा शास्त्रीय उपयोगाला परवानगी देतो, आणि डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत कडक यादीतून काढले तेव्हा भारताने बाजूने मत दिले होते. पण यातनांपुरते बोलायचे तर कर्करोगाच्या वेदनेवर सिद्ध झालेले, स्वस्त औषध आपल्याकडे आधीपासून आहे, ते म्हणजे मॉर्फिनची गोळी. १९८५ च्या कायद्याच्या धाकाने ती कित्येक वर्षे रुग्णालयांतून दिसेनाशी झाली होती. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह सहा औषधे अत्यावश्यक ठरली. आता रुग्णालयाला अनेक खात्यांचे परवाने गोळा करावे लागत नाहीत. राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता आणि प्रशिक्षित डॉक्टर एवढे पुरते. परभणीच्या जिल्हा रुग्णालयापासून गंगाखेड, सेलू, जिंतूरपर्यंत प्रत्येक सरकारी रुग्णालयाने ती मान्यता घ्यावी, एका डॉक्टरला वेदनाशमनाचे प्रशिक्षण द्यावे आणि गोळ्या कपाटात संपणार नाहीत हे पाहावे, म्हणजे तेलाच्या बाटलीसाठी शेत गहाण टाकायला निघालेल्या घराला सांगता येण्याजोगे काहीतरी आपल्या हाती असेल.